दम लागला की पक्षी

पृथ्वी गोल नसून ती चढाची आहे, हा सिद्धांत मापसाहेबांनी एका सकाळी मांडला. भूगोलाची पुस्तकं चुकली, नकाशे चुकले, आणि जहाजं घेऊन जगाला फेरी मारून आलेले लोक बहुधा उताराच्या बाजूने गेले असावेत. माणूस कुठूनही कुठेही निघाला तरी त्याला चढच लागतो. सिद्धांत मोठा होता, आवाजही त्याला साजेसा होता. फक्त तो मांडताना मापसाहेब स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीकडे निघाले होते आणि वाटेत फ्रीजला टेकून उभे होते.

"अहो, फ्रीज सरकतोय," बायको म्हणाली.

"मी विचार करतोय."

"मग भिंतीला टेकून करा. तिला चाकं नाहीत."

मापसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली, म्हणून लोकांनी दिलेलं हे नाव. काट्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण ते रस्त्याच्या पलीकडून ओळखत. त्यांची सावली बाजारात शिरली की दुकानदार गिऱ्हाइकांना मूठभर जास्तच देऊन टाकत. कुठलंही यंत्र खरं बोलतं यावर मात्र त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. घरातलं घड्याळ ते रेडिओशी ताडून बघत आणि मग रेडिओवर संशय घेत.

त्यांची बायको शाळेत पीटी शिकवायची. आजूबाजूचे सगळे त्यांना नुसतंच 'बाई' म्हणत. बाई निवृत्त झाल्या, पण शिट्टी झाली नाही. ती अजून गळ्यात असायची. संध्याकाळी दोघं तळ्याला फेरी मारायचे. बाई पुढे, मापसाहेब मागे, आणि मध्ये बाईंचं "चला, चला, हात हलवा" हे वाक्य. गेल्या काही महिन्यांत हे मधलं अंतर वाढत गेलं होतं, आणि एका संध्याकाळी बाई फेरी पुरी करून मागून येऊन त्यांना भेटल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी किडनीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

किडन्या दमत चालल्या आहेत हे तसं जुनंच होतं. नवं होतं ते रक्ताचं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, मापसाहेबांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि म्हणाल्या, "हिमोग्लोबिन बरंच उतरलंय. थकवा, धाप, थंडी वाजणं, कधीही झोप लागणं, हे सगळं त्याच्यामुळे. बर्फ खावासा वाटतो?"

मापसाहेब दचकले. बर्फाचे खडे चोरून चघळणं ही त्यांची अगदी खासगी बाब होती.

"तो लोह कमी झाल्याचा प्रकार. लोह आपण शिरेतून देऊ. पण खरी अडचण वेगळीच आहे. रक्त हाडांच्या आत बनतं. ते बनवा, असा निरोप किडनीकडून जातो. तुमच्या किडन्यांकडून तो निरोपच पुरेसा जात नाहीये."

"म्हणजे कारखाना शाबूत आहे, पण हेड ऑफिसातून हुकूम निघत नाही."

"अगदी तसंच."

"मग कारखान्याने आपल्या अधिकारात थोडंफार..."

"नाही बनवत."

मापसाहेबांना आपल्या हाडांचा अभिमान वाटला. वरून आल्याशिवाय थेंबभरही पुढे सरकवायचं नाही, ही खरी खात्याची शिस्त. एवढी वर्षं नोकरी केली ती हाडात मुरली म्हणतात ती अशी.

"तो हुकूम आपण इंजेक्शनने पाठवायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कातडीखाली, छोटंसं. ठरलेल्या दिवशी येऊन घ्यायचं. लगेच काही होणार नाही, हळूहळू चढेल. फक्त बीपी ताब्यात हवं. बीपी जास्त असलं तर आम्ही इंजेक्शन देत नाही. आणि शेजारीपाजारी सांगतील ते रसबीस प्यायचे नाहीत. बीट, पालक, खजूर... रक्त वाढेल न वाढेल, पोटॅशियम नक्की वाढेल. ते या किडन्यांना झेपणार नाही."

"आणि इंजेक्शनने नाहीच चढलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर बाहेरून रक्त द्यावं लागेल. ते मला टाळायचंय. डायलिसिस अजून लांब आहे. पण पुढेमागे किडनी बसवायची वेळ आली, तर बाहेरचं रक्त घेतलेलं शरीर दुसऱ्याची किडनी आत घ्यायला खळखळ करू शकतं."

"माझी बसवा," बाई म्हणाल्या. पाऊस दिसतोय, माझी छत्री न्या, असं सांगावं तशा आवाजात.

डॉक्टरीणबाई हसल्या. "तेव्हाचं तेव्हा बघू. म्हणून तर सांगते, इंजेक्शन चुकवायचं नाही."

घरी येताना मापसाहेब रिक्षाच्या बाहेर बघत बसले. बाईंनी दोनदा काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकू आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या मापातलं कमी त्यांनी शोधलं. आता स्वतःच कमी भरले, आणि भरपाई म्हणून समोरची व्यक्ती आपल्या पोटातलं काढून पारड्यात टाकायला निघाली होती. हा व्यवहार होऊ द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मग त्यांना झोप लागली.

बाईंकडून त्यांनी एकच वचन घेतलं, की हे इमारतीत कुणाला कळता कामा नये. दुखण्याची लाज नव्हती. पण खाली किराणावाला होता. त्याच्या काट्याला त्यांनी एकदा भर गिऱ्हाइकांत सील ठोकलं होतं. त्याला कळलं असतं तर तो नुसता हसला असता, आणि ते हसू मापसाहेबांना चुकीचं म्हणता आलं नसतं.

त्यानंतरचे दिवस कापसातून चालल्यासारखे गेले. लोकांचे आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखे यायचे. पेपर वाचताना ओळी मुंग्यांसारख्या रांगेने निघून जायच्या आणि मापसाहेब त्यांना जाऊ द्यायचे. उशीला कान लावला की आत कुणीतरी संथपणे गालिचा झोडपत असल्याचा आवाज यायचा; ते हृदय होतं. एकदा चहाचा कप उचलता उचलता त्यांना एवढं लांबलचक स्वप्न पडलं की त्यात त्यांची बढतीसुद्धा झाली, आणि जागे झाले तेव्हा चहा अजून गरम होता. वाईट काहीच वाटायचं नाही. सगळं जग थोडं लांब, थोडं मऊ झालं होतं. फक्त चढ काही मऊ होत नव्हते.

आणि चढावर थांबावं लागे. इथेच सगळं बिघडलं.

निवृत्त निरीक्षक रस्त्यात उगाच थांबू शकत नाही. फाटकाबाहेरच्या झाडाखाली मापसाहेबांना दम लागला, पाय हलेनात, आणि समोरून खजिनदार आले. हे इमारतीच्या कमिटीचे खजिनदार. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे उत्साहाची मोठी शिल्लक पडून होती आणि ती गुंतवायला त्यांना जागा मिळत नव्हती. त्यांना बघून मापसाहेबांनी मान वर केली आणि झाडाकडे टक लावली.

"काय बघताय?"

"पक्षी," मापसाहेब म्हणाले. त्याहून मोठ्या शब्दाला श्वास पुरत नव्हता.

"कुठला?"

"गेला."

दुसऱ्या दिवशी मापसाहेब पुढच्या झाडाखाली थांबले. तिसऱ्या दिवशी विजेच्या खांबाशी. खजिनदार आता सोबत थांबू लागले. मापसाहेब काहीच बोलत नसत, कारण बोलता येत नसे. त्याचा अर्थ जाणकार माणूस बडबड करत नाही, असा निघाला. एकदा ते उभ्या उभ्या खांबाला टेकून चक्क झोपले. खजिनदारांनी येणाऱ्याजाणाऱ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

"डोळे मिटलेत, म्हणजे आवाजावरून ओळखतायत," ते कुजबुजले. "फार पुढची पायरी आहे ही."

त्याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मापसाहेबांना दारात गाठलं. काकूंच्या हातात मोठा पेला होता आणि त्यात दाट लालभडक काहीतरी होतं.

"किती पांढरे पडलात हो! रक्त नाहीये अंगात. बीट आहे. डोळे मिटून प्या."

"नको, काकू."

"माझ्या धाकट्या जावेला आठवड्यात असे गाल आले, असे! प्या म्हणते ना!"

किडनीचं नाव काढायचं नव्हतं आणि पेला तर नाकासमोर आला होता. मापसाहेबांनी आयुष्यात दुकानदारांच्या हजार सबबी ऐकल्या होत्या, त्यांतली एकही या वेळी कामाला येईना.

"पक्ष्यांसाठी सोडलंय," ते म्हणाले. "लाल रंगाला बुजतात."

"पोटातल्या?"

"ओठांना राहतो ना."

काकू विचारात पडल्या आणि पेला घेऊन तशाच वर गेल्या. वर जाताना त्यांनी ही माहिती प्रत्येक मजल्यावर थोडी थोडी दिली.

आठवड्याच्या आत पक्षिमित्र मंडळ निघालं. खजिनदारांनी बैठक बोलावली, अध्यक्षपदी मापसाहेबांचं नाव सुचवलं, स्वतःच अनुमोदन दिलं आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. मापसाहेब नाही म्हणायला उठणार होते, पण उठणं हाच मोठा कार्यक्रम असल्यामुळे ते उठेपर्यंत ठराव मंजूर झाला. त्यांच्या गळ्यात दुर्बीण अडकवली गेली. ती इतकी जड होती की आभार मानताना त्यांची मान खालीच राहिली, आणि त्यातला नम्रपणा सगळ्यांना फार भावला. पहिला कार्यक्रमही ठरला: येत्या रविवारी पहाटे पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर पक्षीदर्शन. अध्यक्ष पुढे चालतील. लाल कपडे घालायचे नाहीत.

"टेकडी?" बाई घरी आल्यावर म्हणाल्या.

"छोटी आहे."

"टेकडीला सांगा तसं. ती लहान होईल तुमच्यासाठी." मग जरा थांबून म्हणाल्या, "इंजेक्शनचा दिवस रविवारच्या आधीच आहे ना? पहिल्या एकदोन खेपांनी काही वाटलं नाही, पण या वेळी वाटेल. मला वाटतं वाटेल."

हे त्या दुसरीकडे बघून म्हणाल्या. बाई दुसरीकडे बघून बोलल्या की मापसाहेबांना काळजी वाटायची. एरवी त्या माणसाच्या डोळ्यात बघूनच शिट्टी मारत.

इंजेक्शनच्या दिवशी मापसाहेब एकटेच गेले. रिक्षात सगळा वेळ टेकडी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. ती मिनिटागणिक वाढत होती. सिस्टरने दंडाला पट्टा गुंडाळला, यंत्र गुरगुरलं, आकडा आला. सिस्टरने भुवया वर केल्या.

"जास्त आहे, काका. शांत बसा." थोड्या वेळाने पुन्हा पट्टा. "अजूनही जास्त. आज इंजेक्शन देता येणार नाही. डॉक्टरांना दाखवून गोळ्या बदलून घ्या, मग या."

इथे मापसाहेबांनी ती एक चूक केली, जी त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचली नसती. त्यांनी यंत्र उचलून उलटं केलं.

"ह्याच्यावर तपासणीचा शिक्का कुठाय?"

"काय?"

"शेवटचं कधी तपासलं हे? कोणी? प्रमाण कुठलं धरून?"

पुष्कळ वर्षांनी त्यांच्या आवाजात तो जुना कडकपणा आला. ऐकून त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. सिस्टर गोंधळली, तिने वरच्यांना बोलावलं, वरच्यांनी यंत्र विभागाला फोन लावला. यंत्र विभागातून एक गृहस्थ आले आणि म्हणाले की तक्रार आली म्हणजे यंत्र नियमाप्रमाणे ताब्यात घेतलं पाहिजे. त्यांनी त्यावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि ते घेऊन गेले. शेजारच्या वॉर्डात दुसरं यंत्र होतं, पण त्या वॉर्डाच्या प्रमुखांच्या परवानगीशिवाय ते दाराबाहेर येत नसे, आणि प्रमुख जेवायला गेले होते. बीपी मोजल्याशिवाय इंजेक्शन नाही. म्हणजे आता कुणालाच इंजेक्शन नाही. बाकांवरची सगळी रांग हळूहळू मान वळवून मापसाहेबांकडे बघू लागली.

"काका," लोकरीचं विणकाम करत बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "तुमचं झालं नाही म्हणून आमचंही बंद पाडलंत?"

मापसाहेब बसून राहिले. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला आणि उघडला तेव्हा यंत्र परत आलं होतं.

"अगदी बरोबर आहे," यंत्र विभागाचे गृहस्थ म्हणाले. "केसाचाही फरक नाही. अशी यंत्रं फार कमी असतात."

ज्या माणसाने जन्मभर काटे खोटे ठरवले, त्याला एका काट्याने खरं ठरून हरवलं होतं. सिस्टरने चांगल्या मनाने पुन्हा एकदा पट्टा गुंडाळला. शरमेने बीपी आणखी वर गेलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत मापसाहेब गेले, पण आत जाऊन हे सगळं सांगण्यापेक्षा त्यांना घरी जाणं सोपं वाटलं.

दार उघडताच बाईंनी विचारलं, "झालं?"

"झालं," मापसाहेब म्हणाले.

बाईंचा चेहरा असा काही उजळला की त्यांना खालीच बघावं लागलं. "कुठल्या हाताला?"

"डाव्या."

बाईंनी गार पाण्याची पट्टी आणून त्या डाव्या दंडावर ठेवली. दंडाला काही झालंच नव्हतं. दंड मुकाट्याने गार होत राहिला आणि मापसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

रविवारी पहाटे मंडळ फाटकाशी जमलं. सगळे मातकट, राखी, वाळक्या पानांच्या रंगात. काकूंचा एकुलता एक स्वेटर लाल होता म्हणून त्या नवऱ्याचा रेनकोट घालून आल्या होत्या आणि चालताना कागदाच्या पुड्यासारख्या वाजत होत्या. बाई सगळ्यांच्या मागे राहिल्या, कुणी मागे पडू नये म्हणून. अध्यक्ष पुढे निघाले.

टेकडीवर धुकं उतरलं होतं. पाऊलवाट थोडी पुढे गेली की धुक्यात विरघळायची, त्यामुळे चढ किती उरला आहे ते दिसत नव्हतं, आणि हे मापसाहेबांना फार दयाळूपणाचं वाटलं. काही पावलं टाकली की छाती भरून यायची. ते थांबायचे, मान वर करायचे. मागे सगळी रांग थांबायची, काकूंचा रेनकोट गप्प व्हायचा, आणि सगळं इतकं शांत व्हायचं की पानावरून थेंब सुटल्याचा आवाज यायचा.

आणि गंमत म्हणजे, खरोखरच पक्षी दिसू लागले. इतक्या हळू, इतक्या वेळा थांबत, तोंडातून अवाक्षर न काढता त्या टेकडीवर आजवर कुणी चढलंच नव्हतं. झुडपातून काहीतरी निळं सुटलं आणि धुक्यात विझलं. खोडावर टकटक झाली. काकूंनी खजिनदारांचा हात घट्ट धरला. "सुतार! अहो, सुतार पक्षी! लहानपणी बघितला होता, त्यानंतर आज!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मापसाहेबांना हे सगळं काचेच्या पलीकडून दिसत होतं. आपण चालतोय की तरंगतोय हे त्यांना नक्की सांगता आलं नसतं. पाय कुणा दुसऱ्याचे होते आणि तो दुसरा माणूस फार भला होता, बराच वेळ विनातक्रार चालत होता. मग त्या भल्या माणसानेही नकार दिला. वाटेच्या कडेला एक सपाट दगड होता. मापसाहेब त्यावर बसले, दुर्बीण मांडीवर घेतली, आणि धुकं सरळ त्यांच्या डोळ्यांत शिरलं.

ते एका लांबच लांब कार्यालयात उभे होते. छत हाडासारखं पांढरं. टेबलांच्या रांगा, आणि प्रत्येक टेबलाशी एक कारकून हाताची घडी घालून बसलेला. यंत्रं पुसून लख्ख ठेवलेली, पण सगळी बंद. लोहाच्या गोण्या आल्या होत्या, कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. कुणी कामचुकार दिसत नव्हता. सगळे अदबीने उठून उभे राहिले.

"हुकूम आणलात, साहेब?" पहिल्या टेबलावरच्याने विचारलं.

"आणणार होतो," मापसाहेब म्हणाले. "वाटेत एका यंत्राची तपासणी निघाली."

कुणी रागावलं नाही. कारकुनांनी एकमेकांकडे बघितलं. "काही हरकत नाही, साहेब," तो म्हणाला. "आम्ही बसलोय. मागच्या दाराने बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, हुकूम येत नसेल तर माझ्याकडचं ऑफिसच उचलून आणते. सामान बांधायला घेतलंय त्यांनी."

मापसाहेब जागे झाले. त्यांचा हात बाईंच्या हातात होता. बाई तो दोन्ही तळव्यांत धरून चोळत होत्या. मंडळ जरा लांब, आदराने पाठ करून उभं होतं.

"गार पडलेत हात," बाई हळू म्हणाल्या. "इंजेक्शन लागू पडत नाहीये तुम्हाला. मी बोलले नाही, पण मी फोन केला होता. माझ्या तपासण्या सुरू करा म्हटलं. उद्या उपाशीपोटी बोलावलंय. उगाच शेवटच्या घटकेला धावाधाव नको."

"अगं," मापसाहेब म्हणाले, आणि त्यांना श्वास घ्यावा लागला. "लागू कसं पडेल? मी घेतलंच नाही."

"काय?"

"या खेपेचं. बीपी जास्त निघालं."

"मग मला झालं म्हणून का सांगितलंत?"

मापसाहेबांनी बराच विचार केला. "यंत्र बरोबर निघालं," ते म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला, आणि मग असा झाला की आता त्या रडणार की मारणार हे कुणालाही सांगता आलं नसतं. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली.

त्या क्षणी मंडळाने एकदम जितके पक्षी पाहिले तितके आजवर कुणीच पाहिले नसतील. सगळी टेकडी फडफडून उठली.

"बाई! अहो, हे काय केलंत!" खजिनदार धावत आले.

"यांना खाली न्यायचंय. दवाखान्यात."

"काय झालं अध्यक्षांना?"

"मी अध्यक्ष नाही," मापसाहेब म्हणाले. "मला पक्ष्यांतलं काहीही कळत नाही. कावळा आणि कबूतर सोडून मी काही ओळखत नाही."

खजिनदार गहिवरले. "बघितलंत? केवढा हा विनय!"

"विनय नाही हो, हिमोग्लोबिन!" बाई ओरडल्या. "किडनीमुळे रक्त बनत नाही यांच्या अंगात! दम लागतो म्हणून थांबतात आणि वर बघतात!"

धुक्यातून सगळे वळून बघू लागले. मापसाहेबांना वाटलं, आता हसतील. काकूंनी रेनकोटाच्या बाहीने नाक पुसलं.

"म्हणजे बीट..." त्या म्हणाल्या.

"चालत नाही, काकू," मापसाहेब म्हणाले.

"मग तसं सांगायचं ना मेल्या! लाल रंगाला बुजतात म्हणे. नवऱ्याचा रेनकोट घालून आले मी!"

खजिनदार मात्र अजून मूळ मुद्द्याशीच होते. "पण दिसले ना पक्षी," ते जरा हट्टानेच म्हणाले. "सुतार दिसला. तो काही हिमोग्लोबिनने आणला नाही." आणि लगेच कमिटीच्या आवाजात, "चला, अध्यक्षांना उचला!"

बाईंनी खजिनदारांना आणि आणखी एका सभासदाला समोरासमोर उभं केलं, एकमेकांची मनगटं धरायला लावली आणि हातांची खुर्ची करवली, शाळेत जखमी खेळाडूला मैदानाबाहेर नेतात तशी. "एक, दोन, उचल! पाय एकदम पडू देत!" निवृत्त वजनमाप निरीक्षक खजिनदारांच्या खांद्यावर हात टाकून अधांतरी टेकडी उतरू लागले. प्रतिष्ठेच्या दृष्टीने हे फार वाईट होतं, आणि त्यातून इमारतीपाशी पोचले तेव्हा किराणावाला दुकान उघडत होता. त्याने फळी हातात धरून ही मिरवणूक बघितली. तो हसला नाही. दुकानातली खुर्ची रस्त्यावर आणून ठेवली आणि म्हणाला, "साहेब, बसा. रिक्षा बोलावतो." मापसाहेब खुर्चीत बसले, आणि त्यांनी पहिल्यांदाच दुकानातल्या काट्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई बोलायचं तेवढं बोलल्या. बरंच होतं, आणि निम्मं बाईंनी पुन्हा उच्चारून पक्कं केलं. बीपीची गोळी बदलली, मीठ आणखी कमी झालं, दोन दिवसांनी बोलावलं. दोन दिवसांनी सिस्टरने पट्टा गुंडाळला तेव्हा बाई शेजारी बसल्या होत्या. यंत्र गुरगुरलं. मापसाहेब छताकडे बघत राहिले.

"आकडा नाही बघायचा, काका?" सिस्टरने विचारलं.

"तुम्ही म्हणाल तो."

"छान आहे." आणि सुई गेलीसुद्धा.

"कुठला हात?" बाईंनी मुद्दाम विचारलं.

"डावा. तू बघितलास."

"बघितला म्हणूनच विचारते."

मग काहीच झालं नाही. आठवडे गेले, खेपा झाल्या. सांगण्यासारखं एकही चढउताराचं दृश्य या काळात घडलं नाही. अशा गोष्टी नळाखाली ठेवलेल्या भांड्यासारख्या थेंबाथेंबाने भरतात. पण एका दुपारी मापसाहेबांनी बर्फाचा खडा तोंडात घातला आणि तो त्यांना नुसताच गार लागला. पेपरातल्या ओळी जागच्या जागी थांबू लागल्या. उशीतला गालिचा झोडपणारा निघून गेला. मंडळ रविवारी टेकडीवर जातच राहिलं, हळू आणि थांबत थांबत, कारण खजिनदारांच्या मते तीच शास्त्रीय पद्धत होती. अध्यक्षांना तूर्त पायथ्याशी खुर्ची होती.

आणि मग तो रिपोर्ट आला. आकडा वर सरकला होता. फार नाही, पण डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "आता बाहेरच्या रक्ताची गरज नाही. इथून फार वरही न्यायचं नाही, इथेच सांभाळायचं. आणि बाई, तुमच्या तपासण्या राहू देत. लागतील तेव्हा सांगेन. इतक्यात नाही."

घरी येताना मापसाहेब जिना एका दमात चढले. म्हणजे मध्ये एकदा थांबले, पण वर न बघता. घरात येऊन ते बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभे राहिले, कशालाही न टेकता, आणि त्यांना बोलावंसं वाटलं. माणसाच्या शरीराबद्दल, हुकमाबद्दल आणि ते पाळणाऱ्या लक्षावधी निनावी पेशींबद्दल. जो कारखाना एवढे महिने निरोपाची वाट बघत निष्ठेने बसून राहिला, त्याच्याबद्दल. आणि दुसऱ्याच्या पारड्यात स्वतःचं टाकायला निघालेल्या माणसाबद्दल, जे बोलणं फार अवघड होतं म्हणून त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

"अगं, ऐक," त्यांनी सुरुवात केली. आवाज छान लागला होता. "आज मला असं वाटतं, की आयुष्य म्हणजे..."

बाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. एवढ्या महिन्यांत त्यांनी मापसाहेबांना घरातलं एकही काम सांगितलं नव्हतं. काडीसुद्धा स्वतः उचलली होती. त्यांनी नवऱ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं, मापात धरावं तसं. मग हात पुढे केला.

"ते असू दे. आधी ही कचऱ्याची बादली खाली रिकामी करून या. आणि येताना धुऊन आणा."